मधला शनिवार

कडुलिंबाला फुलोरा आला की माझा घसा धरतो. घरात सगळे म्हणतात, त्या बारीक पांढऱ्या फुलांची बाधा होत असेल. मीही तेच म्हणतो. एकदा बाधा म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, आणि मला कुणी पुढे विचारू नये एवढ्यासाठी मी अठरा वर्षं खूप काळजी घेतली आहे.

यंदाही फुलोरा आला. नागपुरात सदरला आमच्या कचेरीसमोर सायकल लावून आत जाईस्तोवर खांद्यांवर, कॅरिअरवर त्या फुलांचा चुरा पडलेला असतो. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. चपराशी तासातासाला त्यांच्यावर पाणी मारतो आणि ओला, मातीच्या वासाचा गारवा आम्हा टायपिस्टांच्या टेबलांवरून फिरून जातो. बाहेर रस्ता पांढरा पडलेला, रसवंतीची घुंगरं तेवढी वाजताहेत. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरणी पोरं नाल्याकाठी जाऊन शिंदीच्या झावळ्या तोडून आणतात. उपवासाचे चाळीस दिवस संपत आलेले असतात. मग झावळ्यांचा रविवार, मग तो शुक्रवार, मग पुनरुत्थानाची पहाट.

शुक्रवारी तीन तासांची उपासना असते. रविवारी पहाटे कब्रस्तानात मेणबत्त्या लागतात, गाणी होतात. मधला शनिवार मात्र रिकामा. त्या दिवशी आमच्यात उपासना नसते. लोक सकाळी कब्रस्तानात जातात, आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, चुना मारतात, नावांवरून काळा रंग फिरवतात आणि उद्याच्या स्वयंपाकासाठी घरी परततात. शुक्रवारी प्रभू क्रूसावर मेला, रविवारी कबरीवरची धोंड लोटलेली दिसली. मधे त्याचे जे शिष्य दार लावून बसले होते ते काय बोलले, जेवले की नाही, एकमेकांच्या तोंडाकडे पाहू शकले की नाही, हे कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही. लिहिण्यासारखं काही नसणारच. मी सांगतो ना, नसतंच. मी त्या शनिवारात राहतो.

विमल माझी धाकटी बहीण. चांद्याकडच्या एका गावात भाऊजी मिशनच्या शाळेत मास्तर होते. लहानपणी तिचे सांधे धरायचे, ताप यायचा. त्या तापानं हृदयाची झडप खाल्ली होती हे कळायला तिचं लग्न आणि एक बाळंतपण व्हावं लागलं. त्या वर्षी मार्चात भाऊजींनी तिला नागपूरला आणून मिशनच्या इस्पितळात ठेवलं आणि शाळेच्या वार्षिक परीक्षा तोंडावर म्हणून सहा वर्षांच्या रूथला घेऊन ते परत गेले. आमचे आईवडील आधीच गेलेले. जवळचा म्हणून मीच.

ती आडवी होऊ शकत नसे. तीन उशांना टेकून बसलेली, ओठ निळसर. पाय असे सुजलेले की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा, आणि ती त्या खड्ड्याकडे बघून हसायची. "पाह्य गा दादा, कणीक मळून ठेवली जशी." मी संत्रं सोलून द्यायचो. ती दोन फोडी खायची आणि साल उशीखाली ठेवायची, फिनेलचा वास मारायला. आजही कुणी संत्रं सोललं की मला आधी फिनेल आठवतं.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्या आडवळणानं बोलत नसत.

"आठवडा. फार तर दहा दिवस. तिच्या नवऱ्याला बोलवा, मुलीलाही. तार करा, पत्र लिहीत बसू नका."

मी पोस्टात गेलो, तारेचा फॉर्म घेतला, पत्ता लिहिला, मजकूर लिहिला. 'विमल अत्यवस्थ. रूथला घेऊन ताबडतोब या.' एवढंच. पण खिडकीशी गेलो नाही. उद्या मंडळीला प्रार्थनेची विनंती करू, पाळकसाहेबांना सांगू आणि मग पाठवू, असं मनाशी म्हणालो. फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. तो आठवडाभर तिथंच होता. कपडे बदलले की मी तो नव्या खिशात ठेवत होतो.

आमच्यात उपासना संपण्याआधी पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचं तो उभा राहून सांगतो. त्या रविवारी एका बाईनं आपला मुलगा टायफॉइडातून कसा उठला ते सांगितलं. लोकांच्या हातात झावळ्या होत्या, पोरं त्यांचे क्रूस वळत होती, सगळ्यांचे चेहरे ओले, उजळलेले. मी उभा राहिलो. खरं सांगतो, मी हेच सांगायला उठलो होतो की डॉक्टरांनी आशा सोडली आहे, माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा. पण ते चेहरे माझ्याकडे वळले. त्यांना माझ्याकडून जे हवं होतं ते मला स्पष्ट दिसलं, आणि माझ्या तोंडून निघालं:

"आज पहाटे मी प्रार्थनेत होतो. प्रभूनं मला सांगितलं, विमल बरी होईल."

मी पहाटे प्रार्थनेत नव्हतो. झोपलो होतो.

"हालेलूया!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच. झावळ्या वर गेल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून आभार मानले. आयुष्यभर मी मागच्या बाकावरचा माणूस. माझा आवाज टाइपरायटरच्या खडखडाटाच्या वर कधी गेला नव्हता. त्या दिवशी दोनशे माणसं माझ्या एका वाक्यावर रडली. आणि मला ते आवडलं. भीतीनं बोललो असतो तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण मला ते आवडलं होतं, म्हणून आज हे लिहितो आहे.

दुपारी भेटीच्या वेळी अर्धी मंडळी वॉर्डात. मी पोचण्याआधी बातमी पोचलेली. विमलच्या गालांवर त्या महिन्यात पहिल्यांदा रंग होता. सगळे गेल्यावर तिनं माझा हात धरला.

"खरं काय दादा?"

"हो."

ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून एकदम संसारी झाली. "मंग त्याईले आता काहून बोलावतं? परीक्षा उरकू दे. त्याईच्या शाळेत तीनच मास्तर. मी बरी होऊनच राहिली त उगाच धावपळ." तिच्या समोर बसून मी पोस्टकार्ड लिहिलं. 'काळजी नसावी. प्रभूनं आश्वासन दिलं आहे. परीक्षा झाल्यावर सावकाश यावे.' खाली तिनं स्वतः, दम खात खात, तीन शब्द लिहिले. 'रूथला गोड पापा.' पोस्टकार्ड मी त्याच संध्याकाळी पेटीत टाकलं. खिशात तार होती.

त्या वॉर्डात रोज येणारी एकच बाई होती, मार्थाबाई. मिशनची निवृत्त बायबलबाई; चाळीस वर्षं खेडोपाडी पायी हिंडून बायांना शास्त्र वाचून दाखवलेली. पाय कामातून गेलेले, जीभ शाबूत. ती यायची, विमलचे केस विंचरायची, पाठीला ओला पंचा लावायची, अर्धं स्तोत्र वाचायची आणि मधेच थांबून सुपारी कातरायची. आश्वासनं तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत. सोमवारी मला जिन्यात गाठून म्हणाली, "काय गा सुधाकर, तुले प्रभू बोलला म्हणे?"

"हो, बाई."

"नवल हाय बाप्पा. मी चाळीस साल कान लावून बसली. मले एकदाच बोलला. म्हणे, मार्था, घरी जाय आता, तुये पाय सुजून राहिले." ती हसली, पण डोळे माझ्यावरच. "आवाज कसा होता गा?"

मी जिना उतरू लागलो. घाईत आहे म्हणालो.

हे लोक वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. आमची मंडळी गरीब माणसांची. कुणी इस्पितळात वॉर्डबॉय, कुणी शाळेत शिपाई, कुणी माझ्यासारखा कारकून. दुखण्यात एकमेकांच्या दाराशी डबा घेऊन जाणारी माणसं. आशा ही त्यांची चैन नव्हती, रोजची भाकर होती. त्यांना मी शिळा तुकडाही नव्हे, दगड दिला आणि त्यांनी तो विश्वासानं चावला. प्रभूचा शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. माझं पाप उलट्या बाजूचं. ज्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तो ओळखीचा आहे म्हणून मी सांगितलं.

सोमवारपासून विमल रोज रूथबद्दल विचारायची. माझ्याबद्दल नाही, आजाराबद्दल नाही. मला ते सगळे शब्द पाठ आहेत. त्या आठवड्यातलं तेवढंच माझ्यापाशी खरं शिल्लक आहे.

बुधवारी तिचे निळसर ओठ काळे पडले. गुरुवारी बोलताना दर दोन शब्दांना थांबू लागली. मार्थाबाईनं मला व्हरांड्यात खेचलं.

"तार केली काय?"

"बाई, मी साक्ष दिली आहे. आता तार केली तर तो अविश्वास होईल. सगळी मंडळी विश्वास धरून आहे."

"अविश्वास!" ती थुंकल्यासारखं म्हणाली. "प्रभू तारा वाचत नाही बाबू. जवाई वाचते. जाय पोस्टात. आत्ता."

मी गेलो. उन्हात डांबर चपलांना चिकटत होतं. पोस्टात तारेच्या खिडकीशी चार माणसं होती. मी फॉर्म काढला, घड्यांवर फाटत आला होता, नवा लिहून घेतला. माझा नंबर येणार एवढ्यात मागून पाठीवर थाप पडली. आमच्या मंडळीचे पंच, दानिएलकाका.

"काय सुधाकर! खुशीची तार काय? बहीण घरी येऊन राहिली वाटते?"

माझ्या हातात फॉर्म होता. 'अत्यवस्थ' हा शब्द वर होता. मी तो तळहाताखाली घेतला.

"नाही काका. तिकिटं घ्यायला आलो."

"साक्ष ऐकून माही बुढी तर दोन दिवस रडून राहिली गा. तुयासारखा विश्वास पाहिजे."

मी दुसऱ्या खिडकीशी गेलो आणि पोस्टाची तिकिटं घेतली. ती तिकिटं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकमेकांना चिकटून त्यांचा एक तुकडा झाला आहे.

त्या दुपारी तार गेली असती तर संध्याकाळी भाऊजींच्या हाती पडली असती. शुक्रवारच्या गाडीनं बाप-लेक रात्रीपर्यंत नागपुरात आले असते. हे गणित मी अठरा वर्षं करतो आहे. ते कधी चुकत नाही.

शुक्रवारी मी तीन तास उपासनेत बसलो. लोक येऊन माझा हात दाबत होते. क्रूसाखाली उभ्या असलेल्या प्रभूच्या आईबद्दल पाळकसाहेब बोलले आणि मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. आपल्या माणसाला शेवटचं पाहायला ती आई तिथं होती, एवढंच माझ्या डोक्यात. तिला कुणी पत्र लिहिलं नव्हतं की सावकाश या.

शनिवारी सकाळी विमल शांत होती. ताट्यांवर नुकतंच पाणी मारलं होतं. मार्थाबाई तिचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. विमलनं मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द तोडत विचारलं,

"दादा. प्रभूनं काय सांगतलं होतं? शब्द सांग. जसे होते तसे."

तिला खात्री करून घ्यायची होती. बुडणारं माणूस दोर ओढून बघतं तशी. मी तोंड उघडलं. एक शब्द आला नाही. तेव्हा खरं सांगता आलं असतं. तिला रडता आलं असतं, रूथसाठी काही निरोप ठेवता आला असता, मरणाची म्हणून जी काही तयारी माणूस करतं ती करता आली असती. मी म्हणालो, "तू बरी होशील म्हणाला." ती वाट बघत राहिली, अजून काही येईल म्हणून. मग तिनं मान वळवली आणि मार्थाबाईला म्हणाली, "तुमी वाचा." बाईनं वाचलं नाही. तिनं नुसता हात धरला आणि हळू आवाजात लहान पोराला निजवतात तसं काहीतरी गुणगुणत राहिली. दुपारी दोनच्या सुमाराला विमल गेली. ख्रिस्ती समाधान म्हणून जे म्हणतात ते मी त्या वॉर्डात पाहिलं असेल, तर त्या म्हातारीच्या हातात. माझ्या साक्षीत ते नव्हतं.

तार मी अडीच वाजता केली. या वेळी मागून कुणी थाप मारली नाही.

रविवारी पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात आली तेव्हा एका कोपऱ्यात कबर खणणं चालू होतं. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, सुधाकर, तू खोटं बोललास. मी त्याची वाट पाहत होतो. दानिएलकाका जवळ आले, मला मिठी मारून म्हणाले, "तिकडं वर बरी केली गा प्रभूनं तिले. त्याचं वचन खोटं होत नाही." झालं. सगळ्यांनी तेच धरलं. माझं खोटं त्यांनी आपल्या प्रेमानं शिवून, रफू करून मला परत दिलं. दुपारी भाऊजी आले, रूथचं बोट धरून. त्यांनाही तेच सांगण्यात आलं आणि त्यांनी ते घट्ट धरलं: विमल विश्वासात, आनंदात गेली, तिला कसलीच ओढ उरली नव्हती.

मातीनंतर मी मार्थाबाईच्या खोलीवर गेलो. तिनं पुढ्यात भात वाढला. मी म्हणालो, "बाई, मला काही सांगायचं आहे."

"मले ठाऊक हाय. मले नको सांगू. ज्याले सांगाचं त्याले सांग."

"भाऊजींना सांगितलं तर ते मोडतील."

"मंग तू थांबतं कोणासाठी, त्याच्यासाठी का तुयासाठी?" मग ताट पुढे सरकवून, "जेव पयले."

मी जेवलो. सांगितलं नाही. मार्थाबाई गेली, तिच्याही कबरीला मी दर वर्षी चुना मारतो. भाऊजी गेल्या हिवाळ्यात गेले. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. दर ईस्टरला मला पत्र यायचं, 'तुमच्या साक्षीनं मला तारलं.' दर वर्षी ते वाचताना मला वाटायचं, एक दिवस हा माणूस मेला म्हणजे मी सुटेन. असं वाटणारा मी मंडळीत भजनाची पुस्तकं वाटतो.

काल तो शनिवार होता. रूथ चंद्रपूरहून आली होती. चोवीस वर्षांची आहे, बापासारखीच मास्तरकी करते, आणि बोलते आईसारखी, वाक्याच्या शेवटी किंचित थांबून. चुन्याची बादली मी कालवली, कुंचा तिच्या हातात. कबरीवर कडुलिंबाची फुलं पडली होती, ती तिनं पदरानं झाडली. मग पर्समधून ते पोस्टकार्ड काढलं.

"बाबांच्या पेटीत होतं. मामा, एक विचारू? लहानपणापासून मनात आहे."

"विचार."

"आईला माझी आठवण आली नव्हती का? बाबा नेहमी म्हणायचे, ती इतकी समाधानी होती की तिला कुणीच नको होतं. लोकांना ते फार छान वाटायचं. मला..." तिनं पोस्टकार्ड उलटं केलं. "मला वाटायचं, मी एवढी कशी नको झाले?"

अठरा वर्षं मी समजत होतो की माझ्या खोट्यावर निदान कुणाचं तरी घर उभं आहे, ते पाडायला नको. त्या घरात एक पोरगी बाहेरच्या पायरीवर बसलेली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं.

मी सांगितलं. झोपलेली पहाट, साक्ष, खिशातली तार, पोस्टातली खिडकी, तिकिटं. उभ्या उभ्या, चुन्याच्या बादलीकडे बघत. घसा धरलेला होता तरी आवाज आला. रूथ ऐकत होती. मग तिनं पाठ फिरवली आणि कबरीच्या एका बाजूला चुना मारू लागली. बराच वेळ मारत राहिली, एकाच जागी. मला वाटलं आता ही कुंचा टाकून निघून जाईल. गेली असती तर मी अडवलं नसतं.

"चुना घट्ट होऊन राहिला," ती म्हणाली. "पाणी टाका."

मी पाणी टाकलं.

"ती काय विचारायची माझ्याबद्दल? शब्द सांगा. जसे होते तसे."

हाच प्रश्न. पण या वेळी माझ्यापाशी शब्द होते.

"सोमवारी म्हणाली, रूथचा दात हलून राहिला होता, पडला काय गा? मंगळवारी म्हणाली, माही वेणी हातात धरल्याबिगर झोपत नाही ते, आता काय धरत असंल? बुधवारी पुन्हा दाताचं. म्हणाली, पडला असंल त छपरावर टाकाचा असते, बापाले ठाऊक बी नसंल. गुरुवारी नुसतं म्हणाली, दात?"

रूथ कबरीच्या कडेशी खाली बसली. रडली नाही लगेच. जीभ पुढच्या दातांवरून फिरवली, लहान मूल करतं तशी.

"बुधवारी पडला होता," ती म्हणाली. "आगपेटीत घालून आणला होता मी. तिला दाखवायला. सगळे माती टाकत होते तेव्हा मीही टाकला. कुणाला सांगितलं नाही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही. तिनं काळ्या रंगाची डबी उघडली आणि आईच्या नावावरून ब्रश फिरवू लागली, आणि मी बादली धरून उभा होतो. कसलाही आवाज मला आला नाही. आजवर कधी आला नाही. ऊन चढलं होतं, शेजारच्या कबरींवरची माणसं उद्याच्या तयारीला घरी निघाली होती. मग मी वाकलो, ओल्या चुन्यावर हात टेकला, आणि अठरा वर्षांनी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"विमल, पडला वं दात. बुधवारीच पडला."